बस्त्याच्या दिवशी सूनबाईनं ओळख दिली नाही

मला सांगा, माणसानं भरवसा ठेवायचा तरी कुणावर? घरच्या माणसांवर, का टीव्हीतल्या डॉक्टरवर? मी डॉक्टरवर ठेवला, आणि आता काय सांगू तुम्हाला, भर दुकानात तोंडावर आपटलो!

ढोकीला आमचं कापडाचं दुकान. तेव्हा आमच्या घरी एक मालिका जोरात चालली होती. त्यातली बाई सकाळी गरीब गाय, अन् दुपारी नवऱ्यालाच विचारायची, "कोण तुम्ही?" मनाचा आजार म्हणे, एकीच्या आत दुसरीच बाई वावरते. त्यातला डॉक्टर सांगायचा, "ओरडू नका. मायेनं नाव घ्या, ओळख पटवा." मी मान डोलवायचो. शाळा चौथीपर्यंत, पण मालिकेपायी अर्धा डॉक्टर झालो होतो!

एक दिवस येडशीची मंडळी बस्ता बांधायला आली. म्हणजे नवरीच्या शालूपासून मानपानाच्या टोप्यांपर्यंत लग्नाचं सगळं कापड एकाच दुकानातून! नवरीच्या आजीनं शालू चिमटीत धरला. "रंग जाईल का वो, मालक?"

तेवढ्यात आमची नवी सून सुरेखा दारातून आत आली. हातात पिशवी. थेट आजीशेजारी बसली.

"डोळे झाकून घ्या, आजी. माझ्या नणंदेचा शालू इथलाच हाय. कितींदा धुतला, रंग तसाच!"

नणंद? अहो, मला मुलगीच नाही!

"सूनबाई, काय बोलतीस हे?"

"कोण सूनबाई? शालू दाखवा की, दुकानदार!"

हुबेहूब मालिका! गादीवरून उतरलो, पाण्याचा तांब्या पुढं केला. "पोरी, भिऊ नको. तुझं नाव सुरेखा. मी तुझा सासरा. आपण सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडं जाऊ."

"मामंजी, गप बसा की!" ती दातओठ खात पुटपुटली.

"ओळखलं! मला ओळखलं!" मी आनंदानं ओरडलो.

आजीनं शालू खाली ठेवला. "व्हय वो मालक, ही तुमचीच सून? लई गुणाची दिसतीया!" अन् सगळी मंडळी उठून समोरच्या दुकानात गेली.

बायको आतल्या खोलीतून तणतणत आली. "काल मालिका बघताना सांगितलं न्हवतं? सून गिऱ्हाईक बनून येणार, तुम्ही ओळख दाखवू नका म्हणून! 'व्हय, व्हय' कोण म्हणालं?"

"मला वाटलं, तू मालिकेतलंच सांगतीस!"

हसा, खुशाल हसा. फक्त हा किस्सा पुढं सांगताना हिशेब खरा ठेवा. लबाडीत सगळं घर वाटेकरी धरा, पण खुळेपणा माझ्या एकट्याच्या नावावर मांडा.