बा कद्दूरचा चिमुकला पाव

फेस शहरातल्या आमच्या गल्लीत कणीक घरी मळायची आणि पाव भाजायला बा कद्दूरच्या भट्टीवर पाठवायचे. कुठला पाव कोणाच्या घरचा, हे तो नुसतं बघून सांगे. स्वतःच्या कणकेचे चिमुकले पाव भाजून तो गल्लीतल्या पोरांना वाटे.

माझी चार वर्षांची बतूल हट्टाला पेटली की भररस्त्यात लोळण घ्यायची. मी शिकलेली, शाळेत मास्तरीण; तरी ओरडायची, "गप्प हो, नाहीतर बा कद्दूर तुला भट्टीत घालेल!" ती तत्काळ गप्प व्हायची आणि मला माझंच कौतुक वाटायचं.

एकदा तिला भट्टीवर नेलं. कद्दूरने हसत चिमुकला पाव पुढे केला. बतूलने किंकाळी फोडून तो भिरकावला.

"अगं, मी काय केलं तुझं?"

"तू मुलांना भाजतोस! आई सांगते."

रांगेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. "मास्तरीणबाई, शाळेतही हेच शिकवता होय?"

कद्दूर हसला नाही. राखेत पडलेला पाव उचलून, अन्नाचा मान म्हणून त्याने तो ओठांना लावला आणि फळीवर ठेवला. माफी न मागताच मी बतूलला उचलून घरी निघाले.

दुसऱ्या दिवसापासून बतूल दिसली की तो म्हातारा सरपणामागे जाऊन उभा राही, पोरगी घाबरू नये म्हणून.