दंडाचं गाणं

ग्रंथालयात धूळ साचते म्हणतात. आमच्याकडं किस्से साचतात! धूळ निदान फडक्यानं पुसता येते, किस्से सांगितल्याशिवाय जागचे हलत न्हाईत. त्यात मी रिटायर्ड प्राथमिक शिक्षक. समोर चार डोकी दिसली की माझं तोंड आपोआप सुरू होतं. तेव्हा बसा जरा सावलीला.

उमरग्याच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गाव. ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या, चार कपाटं आणि अंगणात एक जुना कडुलिंब. चालवतात सुमनताई. आयुष्यभर अंगणवाडी सांभाळली, आता पुस्तकं सांभाळतात. बाई बोलायला मऊ, पण नियमाला पक्की. मी नुसता लिंबाखालच्या खुर्चीचा मालक.

होळी झाली की शाळा सकाळची होते. अकराच्या पुढं पोरं सुटतात आणि सगळी फौज लिंबाखाली. वाचतात बरं का! लिंबाचा फुलोरा पुस्तकात पडतो, तोच खुणेला ठेवतात. पण पुस्तक एकदा घरी नेलं की परत आणायचं नाव न्हाय. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

मी म्हटलं, "सुमनताई, दंड लावा."

"गुरुजी, दंड पोरं भरत न्हाईत, आईबाप भरतात," त्या म्हणाल्या. "मग आईबापांकडून काहीतरी भारी घेऊ की!"

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी. पुस्तक उशिरा आणल्यास दंड: एक गाणं. घरच्या माणसाकडून शिकलेलं. शिकवणाऱ्यानं स्वतः येऊन म्हणायचं. मोबाईल चालणार नाही. दंड भरेपर्यंत दुसरं पुस्तक घरी मिळणार नाही.

मी पोट धरून हसलो. "कामधंदा सोडून इथं गायला कोण येतंय हो?"

"बघू की," सुमनताई म्हणाल्या.

* * *

पहिल्या आल्या पार्वतीकाकू. नातवाचं पुस्तक तीन दिवस उशिरा. गुडघे धरून खाली बसल्या, डोळे मिटले आणि जात्यावरची ओवी धरली. काय आवाज! हायवेवरचे हॉर्नसुद्धा ऐकू यायचे बंद झाले. एक झाली, दुसरी झाली, काकू थांबायचं नाव घेईनात. सहा ओव्या!

सुमनताई म्हणाल्या, "काकू, दंड एकाच गाण्याचा हाय."

"ऱ्हाऊ दे गं," काकू उठता उठता म्हणाल्या. "बाकीच्या पाच ॲडव्हान्स धर. नातू लई आळशी हाय!"

* * *

आमच्या डॉक्टरांचा दवाखाना उमरग्यात, घर इथं. त्यांची मुलगी म्हणजे घड्याळ. एक पुस्तक उशिरा आणील तर शपथ!

एकदा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. पेशंटच्या नातेवाइकाशी बोलतात तसा आवाज खाली.

"गुरुजी, पोरीला जरा जाड पुस्तक द्या ना."

"का हो? एवढा नाद लागला वाचनाचा?"

"नाही हो, तिला उशीरच होत नाही! मी पंधरा दिवस झाले गाणं बसवून ठेवलंय!"

दिलं जाड पुस्तक. पोरीनं चार दिवसांत संपवलं. शेवटी डॉक्टरांनी ते दवाखान्याच्या ड्रॉवरमध्ये लपवलं, चांगलं दहा दिवस, आणि मग अपराधी चेहरा करून दंड भरायला हजर! सूर मधेमधे हलला. पण मुलगी बापाकडं अशी बघत होती, की आमच्यापैकी कुणाला सुराचं काही वाटलं न्हाय.

* * *

धनगराच्या बिरूचा दंड निराळा. हा शेळ्यांमागं पुस्तक घेऊन जायचा. एक दिवस रडतच आला. गोष्टीची शेवटची दोन पानं शेळीनं खाल्लेली!

"तू वाचली होतीस का?" सुमनताईंनी विचारलं.

"न्हाय. मी तिथवर आलोच नव्हतो."

"मग काय झालं असंल ते लिहून आण."

बिरूनं दोन पानं लिहून आणली. गोष्टीतला राजा राज्य सोडतो आणि मेंढरं घेऊन कोकणाकडं निघतो. ताईंनी खळ लावून पानं चिकटवली. आता नवी कोरी प्रत कपाटात पडून हाय, आणि पोरं येऊन म्हणतात, "शेळीनं खाल्लेलं हाय का? तेच पायजे!"

* * *

आता कावेरी. चौथीतली. आमच्या ग्रंथालयात हिच्याइतकं वाचणारं दुसरं कुणी न्हाय, मी धरून! आणि नेमकं हिनंच पाडव्याला एक पुस्तक उशिरा आणलं. दंड भरला न्हाय म्हणून घरी पुस्तक मिळंना. रोज यायची, लिंबाखाली वाचायची, निम्मं राहिलं की कपाटात ठेवून जायची. पुढं उन्हाळ्याची सुट्टी. तिची आई रोज एका ढाब्यावर भाकरी थापते, बाप ट्रकवर. घरात ही एकटी. पुस्तक न्हाय म्हणजे सगळी सुट्टी भिंतीकडं बघत काढायची.

एक दिवस उठली आणि धडाधड गाणं म्हणूनच मोकळी झाली. घाट चढणाऱ्या बैलांचं गाणं होतं, मी कधी ऐकलेलं नव्हतं. असं गोड, की अंगावर काटा आला.

"कुणी शिकवलं गं?" सुमनताईंनी विचारलं.

"अप्पांनी. पण त्यांला म्हाईत न्हाय."

"म्हणजे?"

"ट्रकमधी काचा वर करून म्हणतात. मी झोपल्याचं सोंग घेतलं आन् शिकले."

सगळे हसले. सुमनताई पण हसल्या, पण नियम म्हणजे नियम. "शिकवणाऱ्यानं यायचं, बाळा. आण की अप्पांना."

"ते न्हाय यायचे," कावेरी म्हणाली. "लोकांम्होरं ते गातच न्हाईत."

पोरीचा चेहरा एवढासा झाला. मला वाटलं, जरा हसवावं. म्हणून मी माझा हुकमी किस्सा काढला. पंचवीस वर्षं सांगतोय, एकदाही वाया गेला न्हाय!

शाळेत तालुक्याहून साहेब येणार होते. मी पोरांचं स्वागतगीत बसवलं. तिसऱ्या रांगेत एक पोरगं होतं. आवाज असा, की सगळं गाणं घेऊन खड्ड्यात जायचं. मी त्याला म्हटलं, "तू म्हणू नको. नुसते ओठ हलव." साहेब आले, गाणं झालं. साहेब उठले, थेट तिसऱ्या रांगेत गेले आणि त्याच पोराची पाठ थोपटून म्हणाले, "सगळ्यात मनापासून हा गातोय!"

लिंबाखाली हशा पिकला. डॉक्टरांनी तर मांडीवर थाप मारली.

सुमनताई हसल्या न्हाईत. आणि कावेरीही.

"गुरुजी," ती म्हणाली, "ते पोरगं म्हणजे आमचे अप्पा."

"कशावरून गं?"

"मी त्यांला इचारलं होतं, गात का न्हाईत म्हणून. ते म्हणले, मला शाळंतच सांगितलंय, तू नुसते ओठ हलव."

शिवा. तिसरी रांग, डावीकडून दुसरा. पंचवीस वर्षं नाव आठवत नव्हतं, त्या क्षणी आठवलं. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हजार पोरांना लिहा-वाचायला शिकवल्याची मिजास मिरवणारा मी, आणि एका पोराचा गळा बंद करून वर त्याचा किस्सा करून सांगत फिरलो! तेही हमखास हशा घेत.

* * *

पोरं गेल्यावर मी म्हटलं, "सुमनताई, सोडा तो नियम. पोरीनं गाणं म्हटलंय ना? द्या पुस्तक."

त्या पुस्तकांवरचा फुलोरा झटकत होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, नियम तिच्यासाठी सोडायचा का तुमच्यासाठी?"

दोनदा शिवाच्या घरी जाऊन आलो. दोन्ही वेळा कुलूप. ट्रक हैदराबादच्या खेपेवर. खरं सांगायचं तर कुलूप बघून मला बरंच वाटलं.

* * *

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी, बाराच्या सुमाराला, हायवेच्या कडेला एक ट्रक थांबला. कावेरी आधी उतरली. मागून शिवा. केसांत पांढरं आलेलं, पण मान तशीच जरा खाली. रांजणाजवळ थांबून त्यानं हात-तोंड धुतलं, चपला फाटकाशी काढल्या. पार्वतीकाकू होत्या, डॉक्टर होते.

सुमनताई म्हणाल्या, "या शिवादादा. बसून म्हणा, घाई न्हाय."

तो बसला न्हाय. लिंबाखाली पोरं रांगा करून बसली होती. तो सरळ मागं गेला आणि तिसऱ्या रांगेशी जाऊन उभा राहिला. हात मागं बांधले, शाळेत बांधायचा तसे. मग माझ्याकडं बघितलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "म्हणू, का नुसते ओठ हलवू?"

टोमणा असता तर मी आनंदानं सोसला असता. टोमणा नव्हता हो. तो खरंच विचारत होता.

'म्हण बाबा' असं सांगायला मी तोंड उघडलं. आवाज फुटंना. नुसते ओठ हलले.

कावेरीनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग जाऊन बापाचं बोट धरलं आणि तिनंच सांगून टाकलं, "म्हणा अप्पा. मोठ्यानं म्हणा!"