कणकेतली पकड

प्रशिक हाताचं माप कणकेत घ्यायचा. घट्ट मळलेला गोळा समोरच्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, जोर लावून दाबा. गोळा वाळला, की त्यावरच्या बोटांच्या ठशांप्रमाणे लाकडी मूठ कोरायची. ती कंगव्याला बसवायची, नाहीतर दाढीच्या रेझरला. एरवी तो गांधीबागेत कापडाच्या दुकानात असे. हे काम सुटीच्या दिवशी. नरखेडच्या एका बाईंचा खांदा उचलत नव्हता. त्यांना त्याने हातभर दांड्याचा कंगवा करून दिला. सावनेरच्या एका हाताच्या म्हाताऱ्याला पाटावर पक्कं बसवलेलं नेलकटर.

सुरुवात मोठ्या भावापासून झाली. रोशन एसटीचा ड्रायव्हर. तीन वर्षांपूर्वी त्याच्या हातातून स्टिअरिंग निसटू लागलं. स्नायू झिजत होते. डॉक्टर म्हणाले, हा आजार घराण्यात उतरतो. धाकट्याचीही तपासणी करा. प्रशिक गेला नाही. दर चार महिन्यांनी भावाला नवी मूठ मात्र करून देत राहिला. पकड सुटत गेली तसे गोळ्यावरचे ठसे उथळ होत गेले. तुलनेसाठी तो स्वतःचाही एक गोळा दाबून ठेवी. निरोगी हात म्हणून.

या रविवारी त्याने गच्चीवर गोळे वाळत घालायच्या सुपातून उथळ ठशांचा गोळा उचलला. मूठ कोरली, रेझर बसवला.

"मस्त बसली गा," गालाला फेस लावलेला रोशन म्हणाला. "मागची हातात फिरून राहिली होती. आता तुह्या वहिनीले नवरदेव दाखवतो."

"फेसातच बरे दिसता," वंदनावहिनी हसली. "भाऊजी, मंग कपाटावरचा गोळा फेकू का?"

"कोणता?"

"यायचा, तुमच्या दादाचा. गच्चीवर पाखरं टोचतात म्हणून म्या घरात ठेवला. सुपात तं तुमचाच होता."

तिने तो आणून दिला. प्रशिकने दोन्ही गोळे शेजारी धरले. आजारी हाताचा कोणता, ते सांगता येईना.

रोशनने रेझर खाली ठेवला. मनगट पुढे केलं.

"दाब."

"दादा, कणीक घट्ट झाली असन."

"दाब म्हणतो ना बे."

प्रशिकने मनगट धरलं.

"जोरात."

"लावला जोर."

वंदनावहिनी हसायची थांबली. रोशनने हात मागे ओढला. मनगट सहज सुटलं.