दीनानाथकाकाचं बोलोन्या

आमच्या दीनानाथकाकाने गेल्या बारा वर्षांत सिडनीतल्या एकाही हॉटेलातला पास्ता सुखाने खाल्लेला नाही आणि दुसऱ्याला खाऊ दिलेला नाही. प्लेट समोर आली की तो आधी मान तिरकी करतो. मग काट्यावर पास्त्याची एकच पट्टी उचलतो, उजेडाकडे धरतो, आणि धुऊन आलेल्या शर्टावर डाग शोधावा तशी निरखतो. मग म्हणतो, "ठीक आहे. पण बोलोन्यात जे मिळतं ना, ते हे नाही."

'बोलोन्या' म्हणताना त्याचा उजवा हात आपोआप वर जातो आणि पाचही बोटं एकत्र येतात. सदाशिव पेठेत वाढलेला माणूस आहे. एरवी हा हात फक्त रिक्षा थांबवायला वर जायचा.

काका सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टीत चुका काढायचा त्याला पगार मिळतो. घरी आल्यावर तो तेच काम फुकट करतो. बारा वर्षांपूर्वी कंपनीने त्याला चार दिवस इटलीत, बोलोन्याला पाठवलं, तेव्हापासून वेंटवर्थव्हिलच्या त्यांच्या घरात कायदा आहे. पास्त्यावर टोमॅटो सॉस नाही. किसलेलं पिवळं चीज नाही. मंजिरीकाकूने एकदा मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली, तर हा दोन दिवस कोणाशी बोलला नाही. नुसता खिडकीतून बाहेर बघत बसला. शेवटी काकूच सॉरी म्हणाली. त्यांची मुलगी स्वरदा चौदा वर्षांची आहे. तिने चीजवाला पास्ता फक्त मैत्रिणींकडे खाल्लाय, तोही घरी कळणार नाही अशा बेताने.

घोळ झाला तो काकूच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिथे कार्ला नावाची मैत्रीण आहे. कार्लाचं माहेर बोलोन्याचं आणि सासर ग्रिफिथचं. ग्रिफिथ आमच्यापासून सहा-साडेसहा तासांवर, सगळीकडे द्राक्षाचे मळे आणि निम्मं गाव इटालियन. सासूबाई नॉना पिना, म्हणजे पिनाआजी, वय चौऱ्याऐंशी, मूळच्या इटलीच्या पार दुसऱ्या टोकाच्या, कालाब्रियाच्या. आणि तालियातेल्ले, म्हणजे अंडं घालून मळलेल्या कणकेच्या लांब चपट्या पट्ट्या, ही पडली बोलोन्याची खासियत. त्यामुळे नॉनाने तालियातेल्ले केले की कार्ला म्हणायची, "छान आहेत, मा. पण आमच्याकडे असे नसतात." हे तीस वर्षं चाललंय. बोलोन्यात खाऊन आलेला, तिन्हीत्रिकाळ खोट काढणारा एक निःपक्षपाती माणूस सिडनीत राहतो असं कानावर येताच नॉना म्हणाली, त्याला घेऊन या.

काकूने ते काकाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून ठरवलं. जूनच्या लाँग वीकेंडला, पहाटे पाचला आम्ही गाडीत बसल्यावर, तिने ते जाहीर केलं. "तुझ्यासाठी खरं, ऑथेंटिक. आजींच्या हातचं. आणि तू सांगायचं की बरोबर आहे का. कार्ला एक वाजता फोन करणारे, निकाल ऐकायला."

काका म्हणाला, "अरे वा." पण 'वा' अर्ध्यातच संपला.

गोलबर्नला गाडी थांबली. तिथे काँक्रीटचा एक पाच मजली मेंढा आहे, सगळे त्याच्याबरोबर फोटो काढतात. काकाने मला मेंढ्याच्या पोटाखाली बाजूला घेतलं.

"अपूर्व, एक इश्यू आहे."

"टायर?"

"नाही. बोलोन्या." त्याने मागे बघितलं. काकू आणि स्वरदा कॉफीच्या रांगेत होत्या. "मी तिथे पास्ता खाल्ला नाही."

"म्हणजे कुठला नाही?"

"कुठलाच. श्रावण होता रे. निघताना आईला शब्द दिला होता, श्रावणात अंडं नाही. आणि तिथे एकूण एक पट्टीत अंडं."

"मग चार दिवस काय खाल्लंस?"

"मेतकूट-भात. ट्रॅव्हल कुकर नेला होता. बाथरूममध्ये लावायचो, वास बाहेर जाऊ नये म्हणून."

"मग हे सगळं, पट्टी, उजेड, आठ तास शिजवलेला रस्सा?"

"मेन्यूकार्ड. भात खाताना वाचायला दुसरं काही नव्हतं. इंग्लिशमध्ये होतं, फार छान लिहिलं होतं."

मी म्हटलं, सांगून टाक काकूला. तो म्हणाला, "बारा वर्षं झाली. आता सांगितलं तर पहिल्या दिवसापासूनचे सगळे रिपोर्ट खोटे ठरतात." मग वर मेंढ्याकडे बघत म्हणाला, "त्या बाई माझ्यावर विसंबून आहेत. आणि मला चांगलं दिलं तरी कळणार नाही, वाईट दिलं तरी कळणार नाही."

नॉना पिनाचं खरं स्वयंपाकघर गॅरेजमध्ये होतं. घरातलं चकचकीत किचन फक्त दाखवायचं. गॅरेजमध्ये कुदळीच्या दांड्याएवढं लाटणं, पिठाने पांढरं झालेलं टेबल, आणि दोरीवर टॉवेल वाळत घालावेत तशा पट्ट्या. "कम इन, लव्ह, कम इन," ती काकाला म्हणाली. आम्हाला बाकड्यावर बसवलं. प्लेट एकच भरली, काकाची. आम्ही बीफ खात नाही म्हणून रस्सा कोंबडीचा केला होता. तो परीक्षेला नाही, परीक्षा फक्त पट्ट्यांची, असं तिने बजावलं. फोन मधोमध ठेवला. पावणेएक झाला होता.

काकाने मान तिरकी केली. पट्टी उचलली. उजेडाकडे धरली. आज प्रसंग मोठा म्हणून त्याने स्वरदाच्या पाऊचमधून पट्टी मागून घेतली, शाळेची, प्लास्टिकची, आणि पास्ता तिच्यावर निजवला. "आठ मिलिमीटर," तो म्हणाला.

"इज गुड, एट?" नॉनाने विचारलं.

"बोलोन्यात आठच."

नॉनाने ॲप्रनचं टोक घट्ट धरलं. ती सोळाव्या वर्षी नेपल्सहून ऑस्ट्रेलियाच्या बोटीत बसली होती, बोलोन्याला कधी गेलीच नव्हती. हे तालियातेल्ले तिने इथल्या लायब्ररीतल्या पुस्तकातून उतरवून घेतले होते. "मला माहीतच नाही ते कसे असतात," ती म्हणाली. "तू खाल्लेस. तू सांग. डोंट बी पोलाइट."

काकाने काटा खाली ठेवला. "मॅडम," तो म्हणाला, "मीपण नाही खाल्ले."

मग त्याने सगळं सांगितलं. श्रावण सांगितला, आई सांगितली, बाथरूम सांगितलं. मेतकूट म्हणजे काय ते इंग्लिशमध्ये सांगायला लागला आणि हरभऱ्याच्या डाळीशी अडकला.

"वेट," स्वरदा म्हणाली. "सो आय कुड हॅव हॅड चीज? द होल टाइम?"

काकू शांतपणे म्हणाली, "फोडणीबद्दल मी सॉरी म्हटलं होतं तुला."

"हो."

"दोनदा म्हटलं होतं."

"हो ना, गं."

"ईट," नॉना म्हणाली.

काका खायला लागला. या वेळी मान तिरकी नाही, उजेड नाही, खाली मान घालून. आम्ही तिघं आणि नॉना त्याच्या जबड्याकडे बघत होतो. त्याने गिळलं. आणखी एक घास घेतला, मग तिसरा.

"चांगलंय," तो म्हणाला.

"इतकंच?" काकू म्हणाली. "लाइकहार्टच्या हॉटेलातल्या त्या पास्त्यावर तू वीस मिनिटं बोलला होतास."

"मला चव घेत बोलायची सवय नाही," काका तोंडात घास ठेवून म्हणाला.

फोन वाजला. कार्ला. नॉनाने तो उचलला नाही, काकासमोर सरकवला. "नुसतं 'गुड' नाही सांगायचं. मघाचं सांग. आठ मिलिमीटर, आणि हात वर करून."

"पण मी आत्ताच तुम्हाला..."

"लिसन, डार्ल. मला माहितेय, तुला माहितेय. कार्लाला माहीत नाही."

काकाने काकूकडे बघितलं. काकूने हाताची घडी घातली होती. फोन चार वेळा वाजला, पाचव्यांदा वाजला. "बोल," ती म्हणाली. "आम्हाला फुकट ऐकवलंस, एकदा कोणाच्या तरी कामाला येऊ दे."

काकाने स्पीकर लावला. त्याचा हात वर गेला, बोटं जुळली, आणि असं काही निघालं, जे मी त्याच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. कडा, जाडी, कणकेचा ताण, रस्सा धरून ठेवायची वृत्ती. बोलोन्यात याहून बरोबर मिळालं नाही, असं तो म्हणाला. आणि ते शब्दशः खरं होतं.

कार्लाने विचारलं, "तिथे कुठल्या हॉटेलात खाल्लंत?"

काकाने हॉटेलचं नाव सांगितलं.

"तिथली डायनिंग रूम तर साधीच आहे."

"मी रूममध्येच जेवायचो," काका म्हणाला.

"ओके," कार्ला म्हणाली. "फेअर इनफ. मा, ऐकलंस ना? बरोबर आहेत म्हणे."

"ऐकलं," नॉना म्हणाली आणि फोन उलटा ठेवला. सकाळपासून पहिल्यांदाच ती खुर्चीत बसली. काकाची प्लेट तिने स्वतःकडे ओढली, त्याच्याच काट्याने एक घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.