भावाच्या नावावर थांबलेली गाडी

टायर बदलायला गाडी आत घेतली आणि मी सवयीनं ‘चालक बदला’ हे बटण दाबून बसलो. कम्प्युटरवरची ही ऑनलाइन शर्यत सहा तासांची, दोघांनी आळीपाळीनं गाडी चालवायची. मी तुळजापुरात, धाकटा भाऊ सोलापुरात. तीन वर्षांत आमची गाडी एकदाही शेवटापर्यंत पोचली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेला. यंदा एकट्यानं का होईना ती पोचवायचीच, असं ठरवलं होतं; पण यादीतलं त्याचं नाव काही माझ्यानं काढवलं नाही.

सकाळपासून नशीब आडवंच होतं. आधी कुणीतरी मागून धडकलं, मग लाइट गेली, मग टायर फुटला. माझं पोट स्टिअरिंगला अडत होतं, ते वेगळंच.

आता पडद्यावर त्याचं नाव लुकलुकत होतं आणि गाडी त्याच्यासाठी उभी होती. गाडी हातात घेताना तो हेडफोनमधून “उदो!” ओरडायचा. एक बटण दाबलं असतं, तर ती परत माझ्याकडं आली असती. मी मात्र कान लावून बसलो. चालक बदलायची मुदत संपली आणि आम्ही बाद झालो.

बायको दारातून बघत होती.

“बरं झालं,” ती म्हणाली. “अहो, भावजींना मागं टाकून एकटेच पोचला असता, तर त्यांनी सोडलं असतं का तुम्हाला?”