आत्यांचा कडा

माझ्या बायकोच्या आत्यांनी थंडीचा जितका उघड अपमान केला आहे, तितका अख्ख्या माळव्यात दुसऱ्या कुणी केला नसेल. पौषात पहाटे क्षिप्रेवरून असा वारा सुटतो की घाटावर स्नानाला आलेले यात्रेकरू देवाचं नाव घेताहेत की नुसतेच कुडकुडताहेत, हे कळत नाही. अशा वेळी आमचं सारं माधवनगर रजईत असतं आणि आत्या मात्र सुती साडी नि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट अशा थाटात फाटकाशी उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मफलरवाल्याला अडवतात. "घसा दुखतोय?" नाही म्हटलं की, "मग काढा तो." एकदा एका लग्नात नवऱ्या मुलाचे काका कानटोपी घालूनच जेवायला बसले, तर आत्या भर पंगतीत त्यांच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "आम्ही माणूस बघायला आलोय, पार्सल नाही." काकांनी टोपी काढली. ते लग्न टिकलं, पण काकांनी आमच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आत्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतरही तो बंद केला नाही. डावं-उजवं असं काही जगात असतं, हे त्यांना मान्य नाही. वाढणाऱ्या पोरीला त्या सांगतात, "लोणचं ईशान्येला वाढ," आणि पोरगी बिचारी ताट फिरवून बघते. ऑटोत बसल्या की भैयाला फर्मान सुटतं, "नैऋत्य की तरफ लो." एक भैया हात जोडून म्हणाला होता, "माताजी, नैऋत्य में तो वन-वे है." त्यावर आत्यांनी त्याला रस्त्याच्या कडेला ऑटो लावायला सांगून सूर्य कुठे उगवतो इथपासून सुरुवात केली. त्या दिवशी मी बँकेत अर्धा तास उशिरा पोचलो, पण भैयाच्या आठही दिशा पक्क्या झाल्या.

मात्र त्यांचा खरा जीव आहे तो कड्यावर. उज्जैनला कडा आहे, ही गोष्ट आत्या सोडून कुणाला ठाऊक नाही. गढकालिकेच्या देवळामागून क्षिप्रेच्या काठाकाठानं भैरवगढपर्यंत जुन्या नगरीचा मातीचा उंचवटा गेला आहे. एका अंगाला खाली नदी आणि शेतं, दुसऱ्या अंगाला वाढत चाललेलं शहर. उंची म्हणाल तर दुमजली घराएवढी. सह्याद्री पाहून आलेला माणूस त्याला पायरी म्हणेल. पण आत्यांसमोर 'टेकाड' हा शब्द उच्चारायची सोय नाही. मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी तो उच्चारला आणि दोन महिने त्या माझ्याशी बायकोमार्फत बोलल्या.

दर जानेवारीत एका रविवारी या कड्यावर आत्यांची पदयात्रा निघते. भल्या सकाळी चौकातल्या घड्याळाच्या टॉवरपाशी जमायचं, हजेरीला मोठ्यानं 'उपस्थित' म्हणायचं आणि शिट्टी वाजली की चालू पडायचं. सोबत आम्ही दहा-बारा जण. त्यात मी नात्याने अडकलेला, बायको हौसेची, बाकी निवृत्त मंडळी, आणि आमच्या गल्लीतले कापडवाले सेठजी. सेठजींना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, आणि शहरात चालताना वाटेत कचोरीची दुकानं लागतात म्हणून त्यांनी कडा धरला. तरी कोटाच्या खिशात शेव असायचीच. आत्या भरतपूर-बिरतपूरच्या पक्ष्यांबद्दल बोलत असताना मागून कुरकुर ऐकू आली की त्या वळूनही न बघता म्हणायच्या, "सेठजी, ये कौनसा पक्षी है?"

गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळा जोराचा झाला होता आणि नदीनं काठ बराच खाल्ला होता. अर्धी वाट चालून गेलो आणि पुढे वाटच नव्हती. दहा-बारा पावलांचा तुकडा सरळ खाली बसला होता, पलीकडे वाट पुन्हा सुरू होत होती. आत्यांनी पिशवीतून स्वतः शाईनं काढलेला नकाशा काढला, उलगडला, जमिनीकडे पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं.

"वाट आहे," त्या म्हणाल्या.

"आत्या, वाट वाहून गेली," मी म्हणालो. "आपण रस्त्यानं वळसा घालू."

"जावईबुवा, मी या कड्यावर वर्गच्या वर्ग आणलेत. रस्त्यानं जायचं तर ऑटो काय वाईट?"

आणि आम्ही कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी त्या ढासळलेल्या मातीवर पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्या पावलाला माती निघाली. आत्या बसल्या, आणि बसल्या-बसल्याच, नकाशा हातात धरून, खाली जाऊ लागल्या. ओरडणं नाही, काही नाही. शाळेतल्या घसरगुंडीवर मुख्याध्यापिकेनं बसावं तशा त्या ताठ मानेनं घसरत गेल्या आणि थेट खालच्या हरभऱ्यात जाऊन थांबल्या.

शेतात एक बाई हरभऱ्याचे डहाळे उपटत होती. इथे त्यांना छोड म्हणतात. तिनं वर पाहिलं, आत्यांकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरे माँ साब, छोड खाना था तो रास्ते से आ जातीं! ऊपर से कूदने की क्या ज़रूरत थी?"

वर सगळे हसले. मीही हसलो. मग लक्षात आलं की आत्या तिला उलट उत्तर देत नाहीयेत. मी तसाच घसरत खाली गेलो. त्या हरभऱ्यात बसून डाव्या पायाकडे बघत होत्या. मी जवळ गेल्यावर अगदी हळू म्हणाल्या, "पाय टेकवत नाहीये हो. वरच्यांना सांगू नका." मी गळ्यातला मफलर काढून त्यांच्या खांद्यावर टाकला. त्यांनी तो काढला नाही. तेव्हा मी खरा घाबरलो.

शेतवाल्या बाईनं झोपडीतून खाट आणली. मंडळी वळसा घालून, धापा टाकत खाली उतरली, आणि आम्ही चौघांनी आत्यांसकट खाट खांद्यावर उचलली. आता खाटेवर आडवी पांढऱ्या साडीतली म्हातारी, चार खांदेकरी, मागे रडवेली बायको, हे दृश्य सकाळी क्षिप्राकाठी कसं दिसत असेल याची कल्पना करा. आमच्या हे ध्यानात यायच्या आत आत्यांच्या आलं. "जो कोई राम नाम लेगा," वरून आवाज आला, "उसका नाम हजेरी से काट दूँगी!" त्या आवाजानं आमच्या जिवात जीव आला.

गढकालिकेकडे परत जाणं जवळ होतं. आत्या ऐकेनात. "पदयात्रा भैरवगढला संपते. उत्तरेला चला." दुखत तर होतं; खाट हिंदकळली की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि उघडले की पुन्हा दिशा सांगायच्या. "वायव्येला वळा. सेठजी, आप झुक रहे हैं." सेठजी झुकत नव्हते, त्यांचा खांदाच उतरता आहे, पण तो भला माणूस घामाघूम होऊन, शेवेला हात न लावता, शेवटपर्यंत चालला. भैरवगढच्या वेशीवर छापाच्या चादरी वाळत घालणारा एक म्हातारा आम्हाला पाहून बाजूला झाला. त्यानं टोपी काढली, मान खाली घातली. आत्या कोपरावर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "अभी टाइम है भैया, आप अपना काम करो." त्याच्या हातातली ओली चादर धुळीत पडली. आत्यांनी आम्हाला त्याची माफी मागायला लावलं, मग ऑटो मिळाला, मग दवाखाना.

घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघालं, त्या काठी घेऊन घरात फिरू लागल्या, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की चढउतार आता विसरा. त्यांनी वाद घातला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. संध्याकाळी बायकोनं चहा नेला, तर म्हणाल्या, "डावीकडे ठेव." बायको स्वयंपाकघरात येऊन रडली.

यंदा जानेवारी लागला तसा त्यांनी मला बोलावून शिट्टी दिली. "तुम्ही न्या," एवढंच म्हणाल्या. मी नेलं. म्हणजे टॉवरपर्यंत नेलं. हजेरी झाली, थंडी मरणाची होती, समोर पोहे-जिलबीची गाडी होती, आणि सेठजी म्हणाले, "पाँच मिनट." आम्ही तिसऱ्या प्लेटवर असताना माझा मोबाइल वाजला.

"कुठे पोचलात?"

"कड्यावर आहोत आत्या," मी तोंडातली जिलबी गिळत म्हणालो.

"चिंचेचं मोठं झाड आलं?"

"हे काय, समोरच आहे."

मग त्या म्हणाल्या, "जावईबुवा, ते झाड पावसात पडलं. त्या शेतवाल्या बाईचा फोन आला होता." आणि रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी दुसरी जिलबी घेतली असती.

मी प्लेट खाली ठेवली. आम्ही निघालो. गढकालिकेमागून वर चढलो, त्या ढासळलेल्या जागेच्या अलीकडून शहाण्यासारखा वळसा घातला आणि पुन्हा काठावर आलो. धुकं उठत होतं. जिथे चिंच उभी होती तिथे नुसतं मुळांचं भगदाड होतं, त्यात कुणीतरी दोन शेळ्या बांधल्या होत्या. मी फोन लावला.

"आत्या, आता खरंच आलोय. झाड नाहीये. दोन शेळ्या आहेत, एक काळी, एक करडी. पलीकडे हरभरा आहे, अजून घाटे धरले नाहीत. पाणी बरंच खाली गेलंय, मधे वाळूचं बेट वर आलंय. त्यावर बगळे बसलेत. सात. नाही, आठ."

मला वाटलं फोन कटला.

"आत्या? आहात ना?"

"आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही चालत राहा. आणि बोलत राहा."