ऊब पुरे झाली

“ऊब पुरे झाली आता, बंद कर.” हे वाक्य आमच्या शेजारीणबाई दर हिवाळ्यात म्हणत. कोणाच्या तरी घरी बियांच्या ट्रेसमोर उभ्या राहून, मातीतून वर आलेले हिरवे कोंब बोटाने दाखवत म्हणत. जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळात ज्यांनी ज्यांनी गच्चीवर मिरची-टोमॅटो लावले, त्या प्रत्येकाने ते ऐकले आहे. आणि तरीही त्यांच्या शोकसभेत याच वाक्याचा आधार घेऊन, त्यांना आयुष्याचा कंटाळा आला होता, असे सांगण्यात आले. मी तेथे हजर होतो. मी जे बोललो त्याला चिटणीसांनी म्हातारपणाचा त्रागा म्हटले. म्हणून आता लिहितो.

त्या विमा कंपनीतल्या निवृत्त अधिकारी, मूळच्या साताऱ्याकडच्या. बदलीने येथे आल्या, यजमान येथेच गेले, मुलगी येथेच वाढली. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला, नागपूरचा. आमच्या घरांची एक भिंत सामाईक होती. सामाईक मत एकही नव्हते.

सभेत पहिल्याच वक्त्याने त्यांना ‘प्रेमळ मावशी’ म्हटले. त्या प्रेमळ नव्हत्या. निवृत्त बँक मॅनेजरांनी रोपे वाढवायची तीन मजली, दिव्यांची, सर्वांत भारी पेटी आणली आणि कौतुकाने दाखवायला बोलावले, तेव्हा त्यातली लांबुळकी, पांढुरकी रोपे पाहून त्या म्हणाल्या, “शेवया छान झाल्यात. रोपं कुठे आहेत?” मॅनेजर वर्षभर बोलले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात सल्ला विचारायला मात्र तेच पहिले आले. याला प्रेमळपणा म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

बी मातीत टाकले की उगवते, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना सांगतो. येथे पौषात मिरचीचे बी मातीत टाकले तर ते कुजते. थंडी सरण्याची वाट पाहावी, तर रोप हाताशी येईपर्यंत उन्हाळ्याची लू सुटते. म्हणून रोपे थंडीतच तयार करावी लागतात, खालून ऊब देऊन. त्यासाठी विजेवर तापणारी पातळ गादी मिळते. तिच्यावर ट्रे, ट्रेवर पारदर्शक झाकण. या साऱ्या सरंजामाला त्या ‘बाळंतिणीची खोली’ म्हणत. शेक हवा, वारा नको, आणि पाहायला येणाऱ्यांची गर्दी तर मुळीच नको.

त्यांना घेऊन खरेदीला जाणे हा दुकानदारांवर अन्याय होता. सीकर रोडवर विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे एक दुकान आहे. मालकाने मोठ्या अदबीने पेटी पुढे केली. “मैडमजी, पूरा ऑटोमैटिक है. आपको कुछ देखना ही नहीं.”

“देखना ही नहीं, तो लगाऊँ किसलिए?” बाई म्हणाल्या. मग त्यांनी झाकण उचलून हवा जाण्याची फट शोधली. ती नव्हती. “भैया, यह तो प्रेशर कुकर हुआ.”

नव्या माणसाला त्या काहीच विकत घेऊ देत नसत. आधी ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवून पाहा, म्हणत. तिथे उगवले नाही तरच गादी आणा. आणि गादी आणलीच तर खाली थर्मोकोल घाला. एकाने ती थेट दगडी फरशीवर अंथरली होती. “फरशीला पोसताय का?” त्यांनी विचारले. “जयपूरचा दगड आहे, कितीही दिलंत तरी खाईल.”

गादीला थर्मोस्टॅट जोडावा की नाही, यावर आमचा एक अख्खा हिवाळा गेला. त्या म्हणत, “माझ्या तळहाताला कळतं.” मी म्हणे, “तुमचा तळहात पहाटे झोपलेला असतो.” शेवटी त्यांनी थर्मोस्टॅट घेतला, आणि त्याची तार हवेत लोंबू न देता मातीत खुपसावी, असे साऱ्या मंडळाला शिकवत सुटल्या. तो मुद्दा माझा होता. येथे नोंदवून ठेवतो.

उगवण झाली की मात्र त्यांचा सूर बदलत असे. लोक मायेने गादी चालूच ठेवत आणि रोपे उंच, दुबळी होऊन मान टाकत. “बाळंतीण उठली की शेक बंद. नाहीतर जन्मभर अंथरुणात राहील.” आणि मग ते वाक्य.

या जानेवारीत त्यांना न्यूमोनियाने इस्पितळात नेले, तेव्हा माहेरच्या मिरचीचे बी नुकतेच पेरलेले होते. गादी चालू होती. किल्ली मुलीकडे. मला त्यांचा ट्रे माझ्या अंगणातून खिडकीच्या काचेपलीकडे दिसे. एका सकाळी हिरवे दिसले, म्हणून मी दुपारी सांगायला गेलो.

त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. “सगळ्या उगवल्या?”

“बहुतेक.”

“बहुतेक रेल्वेत चालतं, सिग्नलसाहेब. नीट बघून सांगा.”

ते आमचे शेवटचे बोलणे. संध्याकाळी मुलगी आली, तेव्हा त्यांनी तिला ते वाक्य सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मुलगी सीतापुऱ्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. तिची पिढी हिंदीतून वाढली, आणि हिंदीत ऊब म्हणजे कंटाळा, उबग. तिने तेच ऐकले, रडत चिटणीसांना सांगितले, आणि तेही येथेच वाढलेले असल्याने त्यांनी सभेत ते गहिवरून उच्चारले. “ऊब पुरे झाली, म्हणाल्या. मतलब, विचार करा, आतून किती थकल्या असतील.” मुलीचा मला राग नाही. माझा राग पुढच्या रांगेवर आहे. तेथे अस्सल मराठी बोलणारे, या बाईंच्या हाताखाली रोपे वाढवलेले लोक बसले होते, आणि तेही डोळे पुसत होते. मराठी शब्दाचा हिंदी अर्थ ऐकून मराठी माणसे रडत होती.

मी उभा राहिलो. म्हणालो, “त्यांना कंटाळा आला नव्हता. मिरच्या उगवल्या होत्या.”

“काका, बसा,” चिटणीस म्हणाले. “ही वेळ मिरच्यांची नाही.”

“त्यांची शेवटची वेळ मिरच्यांचीच होती,” मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

मुलगी फाटकापर्यंत मागे आली. “काका, आई मतलब... ते मिरचीचं बोलत होती?”

मी तिला दुपारची भेट सांगितली.

“मी तिला म्हटलं, आई, असं नको ना बोलू. तर ती चिडली. मला वाटलं, जगण्यावर चिडली.”

“तुझ्यावर चिडली. बटण बंद करायला सांगितलं, आणि तू रडायला लागलीस.”

ती हसली की तिने हुंदका दिला, ते मला कळले नाही. आम्ही तसेच घरी गेलो. तिने कुलूप काढले. गादी अजून चालू होती. झाकणाखाली रोपे बोटभर वाढून एकमेकांवर आडवी झाली होती. वाचण्यासारखे त्यांत एकही नव्हते. तिने भिंतीवरचे बटण बंद केले आणि तेथेच स्टुलावर बसली.

तिने विचारले, “मग बोअर झालं की आई काय म्हणायची, काका?”

मी आठवत उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांच्या तोंडून कंटाळ्याचा शब्द मी कधी ऐकलाच नव्हता.